मुळशीचं पाणी पूर्वेला की पश्चिमेला? या वादात खरपा माशाचं म्हणणं काय आहे?

पुण्यात उन्हाळा वाढला आणि खडकवासला साखळीतल्या धरणांचे आकडे खाली आले की एक मागणी हमखास वर येते: मुळशी धरणाचं पाणी पुण्याला द्या. दौंड, इंदापूर, सोलापूरकडून दुसरी मागणी येते: ते पाणी भीमेत सोडा, दुष्काळी भागाला मिळू द्या. घाटाखाली रायगडमध्ये कुंडलिकेच्या काठावरचे लोक विचारतात: मग आमच्या नदीत काय उरणार? आणि मुळशीच्या पाण्यावर तयार होणारी वीज शंभर वर्षं मुंबईला मिळतेय, तो मुद्दा आहेच.

या वादात प्रत्येकाची बाजू मांडणारं कुणीतरी आहे. शहराची महापालिका आहे, शेतकऱ्यांचे लोकप्रतिनिधी आहेत, वीज कंपनी आहे. पण ज्यांचं घरच नदीत आहे, त्यांच्याबद्दल कुणी बोलताना दिसत नाही.

म्हणून आज आपण हा वाद एका माशाच्या बाजूने समजून घेऊ. मासा साधाच आहे. त्याचा फोटो व्हायरल होत नाही, हॉटेलच्या मेन्यूवर तो नसतो आणि तो नामशेष होणाऱ्यांच्या यादीतही नाही. त्याचं नाव खरपा.

खरपा म्हणजे नेमका कोणता मासा?

कुणी खरपा म्हणतं, कुणी खरबा, कोकणात खाडीकाठी खरबी. गावागणिक उच्चार बदलतो. शास्त्रीय नाव ग्लॉसोगोबियस गियुरिस. हा गोबी गटातला मासा आहे.

गोबी हा माशांचा प्रचंड मोठा गट आहे. जगात त्याच्या दोन हजारांच्या आसपास प्रजाती आहेत. बहुतेक उष्ण प्रदेशातल्या किनाऱ्यांवर, खाड्यांमध्ये आणि प्रवाळांमध्ये राहतात आणि बहुतेक आकाराने लहान असतात. काही तर जेमतेम एक सेंटिमीटर भरतात. कोकणातल्या खाडीच्या चिखलात टुणटुण उड्या मारणारी निवटी तुम्ही पाहिली असेल, तर एक गोबी तुम्ही आधीच पाहिलेला आहे.

गोबी ओळखायची सोपी खूण पोटाकडे असते. बहुतेक माशांचे पोटाखालचे दोन पर वेगवेगळे असतात. गोबीमध्ये ते बहुतेकदा एकत्र जुळून वाटीसारखा आकार तयार होतो. या वाटीमुळे वाहत्या पाण्यातही त्याला तळाला टेकून राहता येतं.

खरपा दिसायला पिवळसर तपकिरी, अंगावर काळपट ठिपके, डोकं चपटं आणि खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढे आलेला. साधारण वीतभर किंवा त्याहून लहान, क्वचित याहून बराच मोठा. वाळूत, खड्यांमध्ये तळाशी दबा धरून बसायचं आणि जवळून जाणारे छोटे मासे, कोळंबी, किडे झटकन गिळायचे, ही त्याची जगण्याची पद्धत.

पण त्याचं खरं वैशिष्ट्य वेगळंच आहे. तो समुद्रकिनाऱ्यावर राहतो, खाडीच्या मचूळ पाण्यात राहतो आणि शेकडो किलोमीटर आत, गोड्या पाण्याच्या नदीतही राहतो. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून आग्नेय आशियापर्यंत तो सापडतो. आपल्याकडे कोकणातल्या खाड्यांमध्ये आहे आणि सह्याद्रीच्या अलीकडे, पुणे जिल्ह्यातल्या मुळा-मुठा आणि भीमेच्या खोऱ्यातही आहे.

या माशाच्या नावात पुण्याचा काय संबंध?

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतला विल्यम हेन्री साइक्स हा अधिकारी दख्खनमध्ये पाहणीचं काम करत होता. जमीन, पिकं, लोकसंख्या यांच्या नोंदी करता करता त्याने इथले पक्षी आणि मासेही गोळा केले. १८३९ मध्ये त्याचं दख्खनच्या माशांवरचं लेखन लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीने प्रसिद्ध केलं.

साइक्सने बऱ्याच माशांना शास्त्रीय नावं देताना स्थानिक मराठी नावंच वापरली. खुद्री, मुसुल्ला, सिंगटी, नुक्ता, कोळस. ही नावं लॅटिन पद्धतीच्या नावांत जाऊन बसली. आज जगभर ज्याला दख्खनचा महसीर म्हणतात, त्याचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री. हा मासा साइक्सला पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळाला होता.

याच यादीत एक गोबी होता. साइक्सने त्याला नाव दिलं गोबियस कुरपा. म्हणजे आपला खरपा.

मग आज हे नाव का वापरात नाही? कारण फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ मध्ये गंगेतल्या माशांवरच्या पुस्तकात असाच मासा गोबियस गियुरिस या नावाने आधीच नोंदवला होता. शास्त्रीय नावांचा नियम साधा आहे: एकाच प्रजातीला दोन नावं असतील तर आधीचं टिकतं. सतरा वर्षांच्या फरकाने 'कुरपा' मागे पडलं आणि जुन्या समानार्थी नावांच्या यादीत गेलं.

हा तपशील लक्षात ठेवा. पुढे तो कामाला येणार आहे.

मुळशीचं पाणी नेमकं कुठे जातं?

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. मुळशी तालुका सह्याद्रीच्या अगदी माथ्याशी आहे. इथून अरबी समुद्र जवळ आहे. पण मुळा नदी समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते. वाटेत पवना मिळते, पुण्यात संगमावर मुठा मिळते. पुढे मुळा-मुठा भीमेला, भीमा कर्नाटकात कृष्णेला आणि कृष्णा आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. नदीच्या वाटेने मोजलं तर मुळशी ते समुद्र हे अंतर हजार किलोमीटरहून जास्त भरतं.

निसर्गाने आखलेली वाट ही. माणसाने आखलेली वाट उलटी आहे. टाटांच्या कंपनीने १९२० च्या दशकात मुळेवर धरण बांधलं. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखालचा १९२१ चा मुळशी सत्याग्रह याच धरणाविरुद्ध होता. शेतकऱ्यांनी जमिनी वाचवण्यासाठी लढा दिला, तुरुंग भोगला, पण धरण झालं आणि मावळातली गावं पाण्याखाली गेली.

या धरणाचं पाणी बोगद्यातून आणि मोठ्या पाइपांतून सह्याद्रीच्या कड्यावरून खाली, रायगड जिल्ह्यातल्या भिरा इथल्या वीजकेंद्रात सोडलं जातं. सुमारे ५०० मीटर उंचीवरून पडणाऱ्या पाण्यावर वीज तयार होते. मग तेच पाणी कुंडलिका नदीत जातं आणि कोलाड, रोहा करत रेवदंड्याच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळतं. कोलाडला तुम्ही कधी राफ्टिंग केलं असेल, तर ज्या लाटांवर बोट उडाली त्या वीजकेंद्रातून सुटलेल्या पाण्याच्या होत्या.

म्हणजे ताम्हिणीच्या आसपास पडलेला जो थेंब बंगालच्या उपसागराला जायचा, तो अरबी समुद्राला जातो.

या पाण्याचा हिशेबही ठरलेला आहे. कृष्णा पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाने १९७० च्या दशकात मर्यादा घातली: टाटांच्या सगळ्या जलविद्युत प्रकल्पांनी मिळून कृष्णा खोऱ्याबाहेर एका वर्षात ५४.५ टीएमसीपेक्षा जास्त पाणी नेऊ नये आणि सलग पाच वर्षांत २१२ टीएमसीच्या वर जाऊ नये. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, साधारण २,८३१ कोटी लिटर.

यात खरप्याचं काय बिघडलं?

तीन गोष्टी बिघडल्या. एकेक पाहू.

पहिली गोष्ट, वाट तुटली. खरपा हा समुद्र आणि नदी दोन्हीकडे वावरणारा मासा. समुद्राकडून वर येणाऱ्या माशाला आज मुळशीपर्यंत यायचं झालं तर वाटेत काय काय आहे? विजयवाड्याचा प्रकाशम बॅरेज, मग पुलिचिंतला, नागार्जुनसागर, श्रीशैलम, जुराळा, भीमेवर उजनी आणि मध्ये असंख्य बंधारे. मग पुण्यातले बंधारे आणि शेवटी मुळशीची भिंत.

खरपा यावर मेला का? नाही. कारण तो समुद्राशिवायही जगू शकतो. गोड्या पाण्यात अंडी घालून त्याच्या पिढ्या पुढे जातात, म्हणून तर तो आतल्या नद्यांत आणि तलावांत टिकून आहे. पण दोन धरणांच्या मधले मासे दोन धरणांच्या मध्येच अडकतात. बाहेरून नवे मासे येत नाहीत. एखाद्या टप्प्यात विषारी सांडपाण्याने मासे मेले, तर ती जागा भरून काढायला खालून कुणी वर येऊ शकत नाही.

पावसाच्या पहिल्या सरींनंतर मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात, हे गावाकडच्या लोकांना सांगायला नको. घाटावर त्यांना चढणीचे मासे म्हणतात, ठाणे-रायगडकडे वलगणीचे मासे. अनेक जातींचे मासे या दिवसांत अंडी घालायला उथळ पाण्याकडे निघतात. भिंत आडवी आली की ही चढण तिथेच संपते.

दुसरी गोष्ट, पाण्याची वेळ बदलली. नदीचं पाणी ऋतूप्रमाणे चढतं-उतरतं. वीजकेंद्राचं पाणी विजेच्या मागणीप्रमाणे चढतं-उतरतं. मागणी वाढली की पाणी सुटतं, कमी झाली की थांबतं. गोबी गटातले अनेक मासे दगडाच्या आडोशाला अंडी चिकटवतात आणि नर त्यांची राखण करतो. काही तासांत पातळी खाली-वर होत असेल, तर काठालगतची अंडी उघडी पडतात. राखण करणारा बाप पाणी थांबवू शकत नाही.

धरणाच्या खालच्या मुळेत गोष्ट वेगळी आहे. पावसाळ्यात धरण भरलं की सांडव्यावरून पाणी सुटतं आणि पुण्यात इशारे दिले जातात. पण साठ्याचा मोठा हिस्सा वर्षभर पश्चिमेला जातो. त्यामुळे उन्हाळ्यात नदीला जे पाणी स्वतःचं म्हणून हवं, ते आटतं.

तिसरी गोष्ट, तळ खराब झाला. खरपा तळाला राहतो. मुळा पुण्या-पिंपरीच्या हद्दीत आली की सांडपाणी मिसळतं, तळाच्या वाळूवर गाळाचा थर बसतो. वाहतं पाणी कमी असलं की तीच घाण जास्त दाट होते. वर पोहणाऱ्या माशाला निदान बाजूला सरकता येतं. तळाशी राहणाऱ्याचं घरच बुजतं. त्यात बाहेरून आणलेले मासे आहेत. तिलापिया, म्हणजे उजनीकाठची चिलापी, भारतात १९५२ मध्ये आणली गेली. घाणीतही तग धरते, भराभर वाढते आणि इतर माशांची अंडी, अन्न, जागा सगळ्यावर हक्क सांगते.

पुण्याच्या माशांच्या नोंदी तशा जुन्या आहेत. १९४२ मध्ये ए. जी. एल. फ्रेझर यांनी आणि सुंदरलाल होरा व के. एस. मिश्र यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात 'पुण्याचे मासे' या विषयावर लिहिलं. १९६३ मध्ये तोनापी आणि मुल्हेरकर यांची यादी आली. २००३ मध्ये पुण्याच्या संशोधकांनी या जुन्या याद्यांशी तुलना करून जिल्ह्यातल्या माशांमध्ये झालेले बदल 'करंट सायन्स'मध्ये मांडले. आधी कोण होतं आणि आता कोण आहे, हे तपासायला लागणारा आधार आपल्याकडे आहे, तो अशा कामामुळे.

पण हा मासा तर धोक्यात नाही ना?

बरोबर. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटना, म्हणजे आययूसीएन, सजीवांची एक लाल यादी ठेवते. त्यात हा मासा 'लीस्ट कन्सर्न' या वर्गात आहे. सोप्या भाषेत, सध्या काळजीचं कारण नाही.

पण हा शिक्का नेमकं काय सांगतो ते समजून घ्यायला हवं. तो जगाबद्दल बोलतो. आफ्रिकेपासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेली प्रजाती संपूर्ण जगातून नष्ट व्हायची शक्यता कमी आहे, एवढाच त्याचा अर्थ. मुळेतल्या एखाद्या टप्प्यातून मासा गेला तरी जागतिक शिक्का बदलत नाही. तुमच्या गल्लीतली विहीर आटली तरी देशाचा पाऊस सरासरीइतकाच असू शकतो, तसं.

आणि इथे साइक्सचा कुरपा परत येतो. हा मासा इतक्या मोठ्या भागात, इतक्या वेगवेगळ्या पाण्यांत सापडतो की एकाच नावाखाली एकाहून अधिक प्रजाती दडलेल्या असाव्यात, अशी शंका अभ्यासकांनी मांडलेली आहे. समजा उद्या जनुकीय तपासणीत दख्खनच्या नद्यांमधला खरपा गंगेतल्या माशापेक्षा वेगळा निघाला. तर नियमानुसार त्याच्यासाठी नवं नाव शोधायची गरज नाही. १८३९ चं 'कुरपा' हे नाव पुन्हा वापरात येऊ शकतं. आणि त्या क्षणी 'काळजीचं कारण नाही' हा शिक्का त्याला आपोआप लागू राहणार नाही. कारण मग तो अर्ध्या जगात पसरलेला मासा नसेल, धरणांच्या मध्ये अडकलेला दख्खनचा मासा असेल.

असं होईलच असं नाही. पण तपासायच्या आधीच मासा गेला, तर प्रश्नाचं उत्तर कधीच मिळणार नाही.

जगाची परिस्थिती पाहिली तर ही शंका टोकाची वाटत नाही. जानेवारी २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात गोड्या पाण्यातल्या जिवांचा एक मोठा आढावा आला. मासे, खेकडे-कोळंबीवर्गीय जीव आणि चतुर अशा २३,४९६ प्रजाती तपासल्या. त्यातल्या २४ टक्क्यांना नामशेष होण्याचा धोका आहे. धोक्यातल्या प्रजातींची कारणं पाहिली तर प्रदूषण सगळ्यात वर आणि त्यानंतर धरणं आणि पाण्याचा उपसा. स्थलांतर करणाऱ्या गोड्या पाण्यातल्या माशांचा वेगळा निर्देशांक आहे. त्यानुसार १९७० ते २०२० या काळात त्यांची संख्या सरासरी ८१ टक्क्यांनी घटली.

मोठ्या माशांना मान मिळतो, मग छोट्यांना का नाही?

महाराष्ट्राने सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा जाहीर केलं. पापलेटची मासेमारी घटत असताना हा निर्णय योग्यच होता. टाटा पॉवरचं लोणावळ्याजवळ वळवण इथे महसीर माशाचं बीज तयार करणारं केंद्र आहे. अनेक दशकं तिथून महसीरची पिल्लं नद्यांत आणि जलाशयांत सोडली गेली.

पण मोठ्या माशावरचं प्रेमही जपून करावं लागतं. दख्खनचा महसीर कावेरीतही सोडला गेला. तिथे आधीपासून एक स्थानिक महसीर होता, पाठीवर उंचवटा असलेला. बाहेरून आलेला मासा वाढला आणि स्थानिक मासा मागे हटत गेला. २०१८ मध्ये त्या स्थानिक महसीरची नोंद 'अतिसंकटग्रस्त' म्हणून झाली. चांगल्या हेतूने मासे सोडले म्हणून नदी चांगली होते असं नाही. नदीला तिचं पाणी आणि तिची वाट मिळाली तर मासे स्वतःच वाढतात.

छोट्या माशांची किंमत बाजारात कमी असते. पण मुळशी आणि रायगडमधल्या कातकरी वस्त्यांमध्ये, नदीकाठच्या भोई कुटुंबांमध्ये ओढ्या-नदीतले असे बारीक मासे घरच्या जेवणात येतात. ते कुठल्या लिलावात विकले जात नाहीत, त्यामुळे कुठल्या आकडेवारीत दिसत नाहीत. ते कमी झाले तर कागदावर काहीच घडत नाही. ताटात घडतं.

पाणी पूर्वेला वळवलं तर मासा वाचेल?

हा प्रश्न सरळ वाटतो, उत्तर तसं नाही.

पाणी पूर्वेला सोडलं आणि ते मुळेच्या पात्रातून वाहिलं, तर नदीचा फायदा आहे. पात्र ओलं राहील, घाण पातळ होईल, तळाचे मासे टिकतील. पण तेच पाणी जलाशयातून थेट पाइपलाइनने शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात गेलं, तर मुळा नदीसाठी काहीच बदलत नाही. आधी पाणी पश्चिमेच्या बोगद्यात जात होतं, आता पूर्वेच्या पाइपमध्ये जाईल. आणि पुण्यात जास्त पाणी आलं की जास्त सांडपाणी तयार होणार. ते पुरेसं शुद्ध झालं नाही तर पुन्हा नदीतच येणार.

पलीकडे कुंडलिकेचाही विचार हवा. शंभर वर्षं भिऱ्याचं पाणी मिळाल्यामुळे ती नदी उन्हाळ्यातही वाहते. शेती, रोह्याजवळचे कारखाने, कोलाडचा पर्यटन व्यवसाय, रेवदंड्याची खाडी या सगळ्यांनी त्या पाण्याशी जुळवून घेतलंय. खाडीत गोडं आणि खारं पाणी किती प्रमाणात मिसळतं, यावर तिथले मासे ठरतात. गोड्या पाण्याचा लोंढा अचानक थांबला, तर समुद्राचं पाणी जास्त आत येईल. तिथेही खाडीतले गोबी आहेत, तिथेही मासेमारीवर जगणारे कोळी आहेत.

म्हणजे घाटाच्या वर एक खरपा आणि घाटाच्या खाली एक खरबी. एकाच धरणाच्या चावीवर दोघांचं पाणी. एकाला द्यायचं म्हणून दुसऱ्याचं एका रात्रीत काढून घेणं हा उपाय नाही.

जगात कुणी हे सोडवलंय का?

एक उदाहरण अगदी आपल्यासारखं आहे. हवाईमधलं माउई बेट. तिथेही डोंगराची एक बाजू धो-धो पावसाची, दुसरी कोरडी. एकोणिसाव्या शतकापासून ऊस कंपन्यांनी कालवे आणि बोगदे काढून ओल्या बाजूच्या ओढ्यांचं पाणी कोरड्या बाजूच्या मळ्यांकडे नेलं.

त्या ओढ्यांत गोबी होते. हवाईचे काही गोबी पोटाच्या वाटीने खडकाला चिकटून चक्क धबधबे चढतात. त्यांची पिल्लं जन्मल्यावर वाहत समुद्रात जातात आणि वाढली की परत ओढ्यात चढून येतात. ओढा समुद्रापर्यंत पोहोचलाच नाही, तर हे चक्रच तुटतं. पाण्यावर अवलंबून असलेली स्थानिक लोकांची अळूची शेतीही त्याच कारणाने अडचणीत आली.

स्थानिकांनी अनेक वर्षं कायदेशीर लढा दिला. २०१६ च्या अखेरीस तिथला ऊस बंद झाला. जून २०१८ मध्ये हवाईच्या जल आयोगाने पूर्व माउईतल्या अनेक ओढ्यांत पाणी परत सोडण्याचा आदेश दिला. काही ओढ्यांतून पाणी काढणं पूर्ण थांबवलं, काहींत मासे जगतील इतका किमान प्रवाह ठरवला, काहींतून पाणी नेण्याची मुभा राहिली.

सगळं पाणी एका बाजूला, असा निकाल लागला नाही. प्रत्येक ओढ्याचा वेगळा हिशेब झाला आणि त्या हिशेबात मासा आणि ओढा या दोघांचाही वाटा मोजला गेला. आपल्याकडच्या टीएमसीच्या हिशेबात वीज, सिंचन, पिणं, उद्योग हे रकाने आहेत. नदीचा रकाना बहुतेक वेळा रिकामाच असतो.

आपल्याकडे असा काही नियम आहे का?

आहे, निदान सुरुवात आहे. याला पर्यावरणीय प्रवाह म्हणतात: धरण असलं तरी नदी जिवंत राहावी म्हणून सोडायचं किमान पाणी. २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने राज्यांना सांगितलं की नद्यांमध्ये कोरड्या हंगामातल्या सरासरी प्रवाहाच्या १५ ते २० टक्के पाणी राहिलं पाहिजे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने गंगेसाठी अधिसूचना काढली. वरच्या टप्प्यात नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत मासिक सरासरी प्रवाहाच्या २० टक्के आणि पावसाळ्यात ३० टक्के पाणी सोडायचं, असे महिन्यांप्रमाणे आकडे ठरवले.

यातला महत्त्वाचा शब्द आहे महिन्यांप्रमाणे. वर्षाचं एकूण पाणी पावसाळ्यात एकदम सोडून दिलं की हिशेब जुळतो, पण मासा मार्चमध्ये मरतो.

दुसरीकडे पुण्यात मुळा, मुठा आणि मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठावर नदीकाठ सुधार प्रकल्प सुरू आहे. मार्च २०२२ मध्ये त्याचं भूमिपूजन झालं. समर्थक म्हणतात, लोक नदीजवळ येतील. विरोधक म्हणतात, काठ बांधून नदी अरुंद होईल. माशाच्या बाजूने विचारलं तर मुद्दा आणखी साधा आहे. काठ कितीही सुंदर झाला तरी पाणी स्वच्छ आणि वाहतं नसेल, तळाला वाळू आणि दगड उरले नसतील, तर पाण्यात राहायला कुणी येणार नाही.

मग आपण काय विचारायला हवं?

पुढच्या वेळी मुळशीच्या पाण्याची बातमी तुमच्या फीडवर आली, की 'किती टीएमसी' एवढंच पाहून पुढे जाऊ नका. हे चार प्रश्न विचारा.

एक, पूर्वेला पाणी द्यायचं ठरलं तर ते नदीच्या पात्रातून येणार की पाइपमधून? पात्रातून येणार असेल तर कोणत्या महिन्यात किती?

दोन, धरणाखालच्या मुळेसाठी किमान प्रवाह ठरवलाय का आणि तो रोज मोजून लोकांना दाखवला जाणार आहे का? धरणातून सुटणाऱ्या पुराच्या पाण्याचे आकडे मोबाइलवर येतात, तर उन्हाळ्यातल्या पाण्याचे का येऊ नयेत?

तीन, कुंडलिकेचं पाणी कमी करायचं असेल तर खाडीवर काय परिणाम होईल याचा अभ्यास आधी होणार का? आणि कपात टप्प्याटप्प्याने होणार का?

चार, निर्णयाआधी दोन्ही नद्यांतले मासे मोजले जाणार का? यात फक्त महसीर नको. खरपा, मुरे, मळे, शिंगटी, सगळे हवेत. त्यासाठी प्रयोगशाळेइतकेच नदीकाठचे भोई, कोळी आणि कातकरी लोक उपयोगी पडतील. कोणता मासा कधीपासून जाळ्यात येईनासा झाला, हे त्यांना कुठल्याही अहवालाच्या आधी कळलेलं असतं.

एक गोष्ट आपल्याही हातात आहे. जूनमध्ये चढणीचे मासे निघाले की त्यांना पकडण्याचे व्हिडिओ धडाधड शेअर होतात. ओढ्याच्या तोंडाशी पूर्ण आडवी जाळी लावून सगळेच्या सगळे मासे उचलले, तर अंडी घालायला वर कुणीच पोहोचत नाही. घरच्या कालवणापुरते मासे धरणं शेकडो वर्षं चालत आलंय आणि त्याने नद्या रिकाम्या झाल्या नाहीत. पूर्ण ओढा बंद करून ट्रॉली भरणं ही वेगळी गोष्ट आहे.

१९२१ मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांनी विचारलं होतं: आमच्या जमिनीचा निर्णय आम्हाला न विचारता कसा घेतला? शंभर वर्षांनंतर त्याच धरणाच्या पाण्याचं नवं वाटप चर्चेत आहे. या वेळी विचारायच्या लोकांची यादी मोठी आहे: पुणेकर, सोलापूरकर, रायगडकर, वीज ग्राहक आणि अर्थात धरणग्रस्त, जे अजूनही आपल्या प्रश्नांसाठी भांडतायत. खरप्याला कुणी चर्चेला बोलावू शकत नाही. पण त्याला काय हवं ते आपल्याला माहीत आहे: तळाला थोडी वाळू आणि मार्च-एप्रिलमध्येही वाहतं पाणी. वाटपाच्या पुढच्या कागदावर त्यासाठी एक रकाना भरलेला असला, तर त्याचं म्हणणं ऐकलं असं म्हणता येईल.